चुंबकाच्या बोगद्यात डोळे का सरकतात: सात टेस्लाच्या यंत्रातलं एक प्रकरण

एमआरआयच्या टेबलावर माणूस उताणा झोपलेला आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा ठासलेल्या आहेत आणि टेबल सरळ रेषेत हळूहळू आत सरकतंय. तरीही त्याला वाटतं, की आपण आडव्या चाकावर बांधल्यासारखे गोल फिरतोय. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजण्याचं एकक. रोजच्या 1.5 टेस्लाच्या यंत्रात हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. 3 टेस्लाच्या यंत्रात काहींना जाणवतं. 7 टेस्लाच्या संशोधन-यंत्रात मात्र ही तक्रार नेहमीची. यंत्राच्या तोंडाशी वाकून काम करणाऱ्या तंत्रज्ञांनाही डोकं पटकन वळवलं की गरगरतं. बरीच वर्षं या तक्रारीचं खापर बंद जागेतली घुसमट, यंत्राचा आवाज आणि मनातली भीती यांच्यावर फुटत राहिलं. कुणी चुंबकाकडे बोट दाखवलंच, तरी चुंबक नेमकं काय करतं, हे सांगण्याइतकं मोजमाप हाताशी नव्हतं.

ते मोजमाप 2011 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झालं. डेल रॉबर्ट्स, विन्चेंझो मार्चेल्ली, चार्ल्स डेला सान्तिना, जॉन केरी, डेव्हिड झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा गट. मेंदूचं चित्र घेण्यात त्यांना रस नव्हता. चित्र काढणारा प्रोग्राम न चालवता, माणसाला नुसतं चुंबकात झोपवून त्यांनी अंधारात त्याचे डोळे पाहिले. यंत्राचा वापर फक्त एक भलंमोठं स्थिर चुंबक म्हणून. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सरासरी 50 मायक्रोटेस्ला धरलं, तर 7 टेस्ला म्हणजे त्याच्या सुमारे 1 लाख 40 हजार पट.

डोळेच का पाहायचे

आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत एन्डोलिम्फ नावाचा द्रव असतो आणि प्रत्येक नलिकेच्या फुगीर टोकाला जेलीसारखा एक पडदा, क्युप्युला, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेला असतो. डोकं वळलं की नलिका वळते, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो. तो क्युप्युलावर दाब देतो, पडदा किंचित फुगतो आणि त्यात रुतलेल्या केशपेशींचे केस वाकतात. म्हणजे क्युप्युला हा खरं तर दाबमापक आहे. दाब डोकं फिरल्यामुळे आला की दुसऱ्या कशामुळे, हे त्याला कळत नाही. पुढचं सगळं या आंधळेपणावर उभं आहे.

केशपेशींकडून निघालेला संदेश मेंदूच्या देठातून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि डोळे डोक्याच्या उलट दिशेला तितक्याच वेगानं वळतात. यालाच व्हीओआर, म्हणजे वेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स म्हणतात. मार्ग अवघ्या तीन चेतापेशींचा, त्यामुळे उशीर दहा मिलिसेकंदांच्या आतबाहेर. चालत्या एसटीत खिडकीबाहेरची पाटी वाचता येते ती याच्या जोरावर. फिरणं थांबत नसेल तर डोळा खोबणीच्या कडेला जाऊन अडकेल. म्हणून मेंदू त्याला मधूनमधून झटक्यानं मागे आणतो. हळू सरकणं, झटका, पुन्हा हळू सरकणं, ही लय म्हणजे निस्टॅग्मस. त्यातला हळू भाग कानाचा संदेश सांगतो. झटका ही केवळ मेंदूची आवराआवर.

निस्टॅग्मसला नाव मात्र झटक्याच्या दिशेवरून देतात, कारण उघड्या डोळ्यांना तोच दिसतो. 'डावीकडचा निस्टॅग्मस' म्हणजे डोळे हळू हळू उजवीकडे घसरताहेत. दवाखान्याची भाषा एक, प्रयोगशाळेची दुसरी. दोन गटांचे आकडे ताडताना चिन्हांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते.

'गरगरतंय का, किती, कोणत्या दिशेला' असं विचारून मिळणारं उत्तर माणसागणिक बदलतं. निस्टॅग्मसला दिशा असते, वेग असतो आणि काळानुसार उतरणारी रेघ असते. शिवाय सहा नलिकांपैकी कोणती ढकलली गेली, हेही डोळ्यांच्या अक्षावरून ओळखता येतं: आडवी नलिका डोळे आडवे सरकवते, उभ्या नलिका वर-खाली आणि पिळल्यासारखे. गरगरण्याच्या तक्रारीचं कारण शोधायचं तर तिचं असं मोजता येणारं रूप लागतं, आणि ते इथे आयतं होतं.

संशयित तीन, आणि प्रत्येकाची वेगळी खूण

पहिला संशय फॅरेडेच्या प्रवर्तनावर. चुंबकीय क्षेत्रात डोकं हललं की शरीरातल्या खारट द्रवांत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो केशपेशींना किंवा चेतातंतूंना चेतवतो. हे खरं असेल तर परिणाम फक्त हालचालीपुरता दिसायला हवा. आत जाताना एका दिशेला, बाहेर येताना उलट दिशेला, आणि मध्ये स्थिर पडल्यावर शून्य.

दुसरा संशय पदार्थांच्या चुंबकीय गुणधर्मांवर. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. आजूबाजूच्या द्रवापेक्षा त्यांचा चुंबकीय प्रतिसाद वेगळा असल्यामुळे त्यांना ओढ बसू शकते. पण अशी ओढ क्षेत्राची तीव्रता आणि क्षेत्राचा उतार यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. यंत्राच्या मध्यभागी क्षेत्र मुद्दाम एकसारखं राखलेलं असतं, तिथे उतार जवळपास शून्य, म्हणून ओढही शून्य. शिवाय क्षेत्राची दिशा उलटली तरी अशा बलाची दिशा उलटत नाही.

तिसरा संशय लोरेन्ट्झ बलावर. वाहत्या विद्युतप्रवाहावर चुंबकीय क्षेत्रात आडवं बल लागतं, पंख्याची मोटर फिरते ते याच बलानं. या बाबतीत परिणाम क्षेत्राच्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात हवा, माणूस स्थिर असतानाही टिकायला हवा, क्षेत्र उलटलं की उलटायला हवा आणि डोकं कलतं केल्यावर बदलायला हवा.

तिघांची भाकितं इतकी वेगळी असताना उत्तर आधीच कसं मिळालं नाही? कारण माणसांना प्रश्न विचारले जात होते, डोळे कुणी पाहत नव्हतं. आणि कुणी पाहिलेच, तर उजेडात.

नेपल्सहून आलेला धागा

बाल्टिमोरच्या प्रयोगाआधी इटलीतल्या नेपल्समध्ये मार्चेल्ली आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कामात होते. कानात थंड पाणी सोडल्यावर मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे त्यांना 1.5 टेस्लाच्या एमआरआयमध्ये पाहायचं होतं. कानात पाणी सोडून निस्टॅग्मस उठवणं ही रॉबर्ट बाराणीची जुनी पद्धत, याच क्षेत्रातल्या कामासाठी त्याला 1914 चं नोबेल मिळालं. आजही तपासणीत 30 आणि 44 अंश सेल्सियसचं पाणी वापरतात. नेपल्सच्या गटाला दिसलं ते असं, की पाणी सोडण्याआधीच, नुसतं यंत्रात झोपल्यावर, अंधारात डोळ्यांना निस्टॅग्मस आहे.

अशी नोंद सहसा 'मूळ रेषेतला दोष' म्हणून वजा केली जाते आणि विसरली जाते. इथे ती वजा झाली नाही.

मांडणी

निरोगी कानांचे 10 स्वयंसेवक घेतले, आणि ज्यांच्या दोन्ही कानांतली तोल-यंत्रणा काम करत नाही असे 2. हे दोघं म्हणजे प्रयोगाचा कणा. प्रवाह थेट मेंदूत किंवा डोळ्यांच्या स्नायूंत तयार होत असेल, तर निस्टॅग्मस त्यांच्यातही दिसायला हवा. फक्त कानाचा खेळ असेल, तर त्यांचे डोळे शांत राहायला हवेत.

संपूर्ण अंधार ही पहिली अट. उजेडात नजर कशावर तरी खिळते आणि लहान मेंदू व्हीओआरचा संदेश दाबून टाकतो. निरोगी माणसाचा निस्टॅग्मस मग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून डोळे अवरक्त प्रकाशात, रात्री पाहणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपले. माणसाला काळोख, कॅमेऱ्याला दिवस.

आता बदलायच्या गोष्टी. क्षेत्राची तीव्रता बदलायला 7 टेस्लाबरोबर 3 टेस्लाचं यंत्र वापरता येतं. अतिवाहक चुंबकाची दिशा प्रयोगासाठी उलटवणं परवडणारं नाही, म्हणून माणूस उलटवायचा: बोगद्यात उलट्या बाजूनं न्यायचा, म्हणजे त्याच्या डोक्याच्या हिशेबानं क्षेत्र उलटतं. डोक्याचा कल हनुवटी छातीकडे किंवा वर करून बदलायचा. आणि वेळ बदलायचा, कधी थोडा वेळ, कधी बराच.

काय दिसलं

निरोगी कानांच्या दहाही जणांना निस्टॅग्मस झाला. कानांचं काम बंद असलेल्या दोघांना झाला नाही. माणूस निश्चल पडून असताना, टेबल थांबल्यावरही तो चालू राहिला आणि आत असेपर्यंत संपला नाही. पहिला संशयित इथेच बाद. 3 पेक्षा 7 टेस्लात डोळे जास्त वेगानं सरकले. बोगद्याच्या दुसऱ्या बाजूनं आत गेल्यावर दिशा उलटली. दुसरा संशयितही गेला, कारण त्याची दिशा उलटता कामा नये आणि मध्यभागी तो मुळात दिसताच कामा नये. डोक्याच्या कलाबरोबर वेग बदलला, एका ठरावीक कलाला शून्यावर आला आणि त्यापलीकडे दिशा फिरली. हा शून्याचा कोन माणसागणिक थोडा वेगळा निघतो, कारण कवटीतली आतल्या कानाची बैठक प्रत्येकाची थोडी वेगळी असते.

प्रवाह कुठला

लोरेन्ट्झ बलाला प्रवाह लागतो. बाहेरून कुणी तो दिलेला नाही, मग आला कुठून? तो शरीरातच सतत वाहत असतो. एन्डोलिम्फमध्ये पोटॅशियम भरपूर, लिटरला सुमारे 150 मिलिमोल, आणि सोडियम नगण्य. शरीरातल्या बहुतेक बाह्य द्रवांत हे प्रमाण नेमकं उलट असतं. हे विद्युतभारित पोटॅशियम केशपेशींच्या टोकांतून आत शिरतं, तळाशी बाहेर पडतं आणि पेशींच्या दुसऱ्या एका थराकडून पुन्हा एन्डोलिम्फमध्ये ढकललं जातं. डोकं स्थिर असतानाही हा ओघ थांबत नाही, कारण विश्रांतीतही काही वाटा उघड्याच राहतात. त्याचा मोठा हिस्सा युट्रिकल या पिशवीच्या तळाशी असलेल्या केशपेशींच्या चादरीत उतरतो. आडव्या आणि वरच्या उभ्या नलिकेची फुगीर टोकं या पिशवीला लागूनच आहेत. प्रवाह आणि दाब वाहून नेणारा द्रव एकच, आणि शेजारीच दाबमापक पडदा. शरीरात इतर ठिकाणीही आयन वाहतात, पण असा योग दुसरीकडे जुळून येत नाही.

आकडे बसतात का, हे कागदावर पाहू. हिशेब ढोबळ आहे, पण दशमान चिन्ह कुठे पडतं ते कळतं. युट्रिकलमध्ये केशपेशी सुमारे 30,000, प्रत्येकीत 100 पिकोअ‍ॅम्पिअर धरले तर एकूण 3 मायक्रोअ‍ॅम्पिअर. चादरीचं क्षेत्रफळ 4 चौरस मिलिमीटर, म्हणजे प्रवाहाची घनता 0.75 अ‍ॅम्पिअर प्रति चौरस मीटर. त्याला 7 टेस्लानं गुणलं की दर घनमीटरला सव्वापाच न्यूटन बल. हे बल 3 मिलिमीटर रुंदीवर साठत गेलं तर दाब 0.016 पास्कल. पण उताण्या माणसात क्षेत्र डोक्यापासून पायांकडच्या रेषेत असतं आणि युट्रिकलचा प्रवाहही साधारण त्याच रेषेच्या जवळ. दोघांत 30 अंशांचा कोन धरला तर निम्मा दाब उरतो, 0.008 पास्कल. एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब याच्या बाराशे पट असतो. इतका फुंकरीसारखा दाब क्युप्युलाला पुरतो? डोळे हलवायला लागणारा किमान दाब 0.0001 पास्कलच्या आसपास मानतात. म्हणजे 7 टेस्लात ऐंशी पट भरपूर. याच हिशेबानं 1.5 टेस्लात 0.0017 पास्कल येतो, तोही उंबरठ्याच्या वर. नेपल्सच्या यंत्रात डोळे का हलले, हे त्यातून उलगडतं.

शून्याचा कोनही इथेच समजतो. डोकं कलतं करून प्रवाह क्षेत्राला समांतर आणला की आडवं बल उरतच नाही. लंडनचे ब्रायन डे आणि नॉटिंगहॅमचे पॉल ग्लोव्हर यांच्या गटानं 2012 मध्ये क्युप्युलावरच्या दाबाचं सविस्तर गणित मांडलं. तेही या यंत्रणेच्याच बाजूनं गेलं.

दोन्ही कान एकाच वेळी

बल डावी-उजवीकडे लागतं आणि दोन्ही कानांत एकाच दिशेला. कान मात्र एकमेकांचे आरशातले जोडीदार. त्यामुळे तोच रेटा एका कानाच्या आडव्या नलिकेत पडद्याला पिशवीकडे ढकलतो आणि दुसऱ्या कानात पिशवीपासून दूर. एकीकडे संदेश वाढतो, दुसरीकडे घटतो, आणि डोकं खरोखर वळतं तेव्हा मेंदूला मिळते तशीच हुबेहूब जोडी मिळते. वरच्या उभ्या नलिकांतही एक वाढते, एक घटते. तिथे वर-खालीचा भाग एकमेकांना खोडतो आणि पिळण्याचा भाग साचतो.

यातून एक भाकीत सहज निघतं. एका बाजूचा कान निकामी असलेल्या माणसात खोडणारा जोडीदारच नसतो, म्हणून त्याच्या डोळ्यांत आडव्याबरोबर उभा निस्टॅग्मसही दिसायला हवा, आणि तो वर की खाली हे कोणता कान जिवंत आहे त्यावर ठरायला हवं. ब्रायन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अशा रुग्णांना चुंबकात झोपवलं, आणि उभा भाग दिसला.

प्रयोग फसतो कुठे

ही नोंद करायला बसणाऱ्यानं सगळ्यात आधी उजेडाचा बंदोबस्त करावा. बोगद्यातला दिवा बंद केला, तरी पंख्याच्या फटीतून, नियंत्रण-खोलीच्या काचेतून किंवा कॅमेऱ्याच्या लाल ठिपक्यातून येणारी तिरीप पुरते. स्वस्त अवरक्त दिव्यांची लालसर झाक अंधाराला सरावलेल्या डोळ्याला दिसते आणि माणूस नकळत तिच्यावर नजर रोवतो. मग वेग निम्म्यावर येतो आणि निष्कर्ष निघतो, की 'या माणसावर चुंबकाचा परिणाम कमी'. एक डोळा पूर्ण झाकावा, दुसऱ्याभोवती गडद आवरण, आणि त्याला काही दिसत नाही ना हे तोंडी विचारून घ्यावं.

झोप हा दुसरा शत्रू. काळोख, उबदार बोगदा आणि काही न करणं, यात कुणाचाही डोळा लागतो. गुंगीत झटके विरळ होतात, डोळा एका बाजूला तरंगत जातो आणि रेघ निस्टॅग्मससारखी दिसतच नाही. कान-नाक-घशाच्या दवाखान्यांतली जुनी युक्ती इथेही चालते: शंभरातून सात-सात वजा करायला लावणं, गावांची नावं घ्यायला लावणं. गणित फार सोपं असलं तर दहा मिनिटांत ते झोपेतही चालू राहतं, म्हणून प्रश्न बदलत राहावेत.

नजरेची दिशा तिसरी. झटक्याच्या दिशेला पाहिलं की निस्टॅग्मस वाढतो, उलट पाहिलं की घटतो, हा अलेक्झांडरचा नियम. काळोखात 'समोर' म्हणजे कुठे, याचा माणसाला अंदाज राहत नाही. म्हणून वेगाबरोबर डोळ्याची सरासरी जागाही मोजून ठेवावी. ती दहा अंशांनी सरकलेली असेल तर दोन टप्प्यांची तुलना लंगडी पडते.

बोगद्यात कॅमेरा सरळ डोळ्यासमोर बसत नाही, आरसा लावावा लागतो. आरसा डावं-उजवं उलटवतो, दोन आरसे पुन्हा सुलटवतात, कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमधला 'मिरर' पर्याय परत उलटवतो. सगळा प्रयोग दिशेवर उभा असताना ही चूक जीवघेणी. उपाय साधा: आत जाण्याआधी माणसाला 'उजवीकडे बघा' म्हणून सांगायचं आणि रेघ कुठे गेली ते प्रत्येक वेळी नोंदवायचं, आठवणीवर सोडायचं नाही. लक्ष्यबिंदू दाखवून अंशांचं मोजमाप बसवायचं ते त्याच बैठकीत. आणि बाहेर, चुंबकापासून दूर, काळोखात निदान एक मिनिटाची मूळ नोंद घ्यायची, कारण काही निरोगी माणसांनाही अंधारात थोडा निस्टॅग्मस मुळातच असतो.

डोक्याचा कल डोळ्यांच्या अंदाजानं घेतला तर शून्याचा कोन कधीच जुळत नाही. डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि कानाचं भोक यांना जोडणारी रेषा धरून कोन मोजावा. चित्रासाठीचे संकेत टिपणारी डोक्याभोवतीची कॉइल कल फारसा बदलू देत नाही. चित्र काढायचंच नसल्यामुळे ती काढून ठेवणं उत्तम. कॅमेऱ्यात लोखंडी स्क्रू नको, हे 7 टेस्लाजवळ वावरणाऱ्याला सांगावं लागू नये, पण लेन्सच्या कड्यातली बारीक स्प्रिंग हमखास नजरेआड होते.

वेग काढताना झटके आणि पापण्यांची उघडझाप कापून फक्त हळू भागांचा उतार घ्यायचा, आणि दहा-दहा सेकंदांच्या खिडक्यांत मध्यक. सरासरी घेतली तर एक चुकून राहिलेला झटका अख्खी खिडकी बिघडवतो.

दीड तासानंतर

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, तरी खरी मेजवानी पुढेच आहे. फिरत्या खुर्चीत एकसारख्या वेगानं फिरवलं, तर क्युप्युला काही सेकंदांत जागेवर येते. मेंदू तो संदेश थोडा लांबवतो, तरी मिनिटभरात निस्टॅग्मस संपतो. सतत ढकलत राहायचं तर खुर्चीचा वेग अखंड वाढवत न्यावा लागेल, आणि ते माणसाला सोसवणार नाही. चुंबक मात्र क्युप्युलाला तासन् तास एकाच दाबानं रेटून धरतं. एका कानाचा संदेश कायमचा बिघडल्यावर मेंदू पुन्हा समतोल कसा साधतो, याचा निरोगी माणसातला, परतवता येणारा नमुना इतका सोयीनं पूर्वी मिळत नव्हता.

2016 मध्ये जरीऑनसेट्टासिन, झी आणि सहकाऱ्यांनी माणसांना 7 टेस्लात 90 मिनिटं ठेवलं. सुरुवातीच्या मिनिटांत वेग झपाट्यानं उतरला, नंतर उतार मंदावला, पण निस्टॅग्मस पूर्ण संपला नाही. बाहेर काढल्यावर डोळे उलट दिशेला सरकू लागले. आतल्या रेट्याला तोलायला मेंदूनं जे उलट वजन टाकलं होतं, ते रेटा गेल्यावर उघडं पडलं. आत जितका जास्त वेळ काढला, तितका हा उलटा परिणाम रेंगाळला. एकाच वेगानं जुळवून घेणाऱ्या यंत्रणेनं हा आलेख निघत नाही. मिनिटाच्या हिशेबानं, काही मिनिटांच्या हिशेबानं आणि त्याहूनही संथ, अशा अनेक चाली एकावर एक रचाव्या लागतात.

गरगरण्याची जाणीव मात्र मिनिट-दोन मिनिटांतच विरते. त्यानंतर माणूस 'आता ठीक आहे' म्हणतो आणि त्याचे डोळे अंधारात सरकतच असतात. प्रश्न विचारून हे प्रकरण का सुटलं नसतं, ते इथे पुन्हा दिसतं.

प्राण्यांतही याचा माग आहे. फ्लोरिडात थॉमस हाउप्ट यांच्या गटानं उंदरांना 14.1 टेस्लात अर्धा तास ठेवून लगेच पाण्यात सोडलं. ते घड्याळाच्या उलट दिशेनं लहान वर्तुळांत पोहत राहिले. तीन मिनिटांनी किंवा त्यानंतर सोडलेल्यांत हे गोल पोहणं उरलं नाही. आतला कान निकामी केलेल्या उंदरांवर चुंबकाचा असा परिणाम होत नाही. बाहेर आल्यावरचं हे गोल फिरणं माणसाच्या उलट्या निस्टॅग्मसच्या जवळचं दिसतं.

मेंदूची चित्रं काढणाऱ्यांची अडचण

'काहीही करू नका, डोळे मिटून पडा' असं सांगून विश्रांतीतल्या मेंदूचं चित्र घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे. डोळे मिटले म्हणजे अंधार, आणि अंधारात 3 टेस्ला म्हणजे निस्टॅग्मस. विश्रांती म्हणून जे मोजलं जातं, त्यात तोल-यंत्रणेची न थांबणारी हाकाटी मिसळलेली असते. म्युनिकमधल्या गटानं 2016 मध्ये 1.5 आणि 3 टेस्लाची तुलना करून दाखवलं, की विश्रांतीशी जोडल्या गेलेल्या मेंदू-जाळ्यांतले चढउतार या चुंबकीय रेट्यानं बदलतात. दोन इस्पितळांची दोन वेगळ्या तीव्रतेची यंत्रं घेऊन एकच अभ्यास करणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवं.

डोळ्यांसमोर ठिपका दाखवला तर डोळे थांबतात, पण कानातला दाब थांबत नाही. उलट तो दाबून ठेवण्याचं लहान मेंदूचं काम चित्रात वाढतं. शून्याच्या कोनात डोकं ठेवणं जास्त सरळ, पण तो कोन प्रत्येकाचा आधी शोधावा लागतो आणि कॉइलच्या घट्ट जागेत तो मिळेलच असं नाही. निदान प्रत्येकाच्या डोळ्यांची अंधारातली नोंद घेऊन तो वेग विश्लेषणात धरावा. सगळ्यांची हनुवटी एकाच कलात ठेवण्याची शिस्त तर फुकटात पाळता येते.

नेहमीच्या तपासणीच्या खोलीत याचा अर्थ अगदी घरगुती आहे. 3 टेस्लाच्या यंत्रात टेबल आत-बाहेर सावकाश न्यावं, आणि 'आत जाताना फिरल्यासारखं वाटेल, दोन मिनिटांत जाईल' हे वाक्य आधीच सांगावं, म्हणजे घाबरून घंटी दाबणारे कमी होतात. आत असताना डोळे उघडे ठेवून एखाद्या ठिपक्याकडे पाहायला सांगितलं तर बरं वाटतं. बाहेर आल्यावर रुग्णाला लगेच उभं करू नये. पाय खाली सोडून टेबलाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसवावं, समोर भिंतीवरच्या कशाकडे तरी पाहायला लावावं आणि मगच हात धरून उतरवावं. चक्करेच्याच तपासणीसाठी आलेल्या रुग्णाचा निस्टॅग्मस पाहायचा असेल, तर तो एमआरआयच्या आधी पाहून घ्यावा. नंतर लगेच पाहिला तर त्यात चुंबकाचा उलटा वाटा किती, हे सांगणं अवघड जातं.